स्थावरांत पैसा गुंतवितांना: पहिल्या खरेदीपूर्वींचे कांहीं विचार

आपल्या समाजांत पैसा सुरक्षित ठेवण्याचे जे मार्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, त्यांत जमिनीचें स्थान सर्वांत वरचें आहे. बँक बुडते, सोनें चोरीस जातें, पण जमीन कोठें पळून जात नाहीं, असें म्हणण्याची चाल आहे. हें म्हणणें अर्धेंच खरें होय. जमीन जागेवर राहते. पण तिच्यावरील हक्क मात्र एका चुकीच्या सहीनें, एका न वाचलेल्या कागदानें अथवा एका महागड्या कर्जानें हातचा निघून जातो. शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांस ह्या गोष्टीचा विचार विशेष अगत्यानें करावा लागतो. नोकरीची तीस-पस्तीस वर्षें संपून फंडाची रक्कम हातीं पडते, आणि त्याच सुमारास गांवाकडील कोणी आप्त सुचवितो कीं, अमक्या रस्त्यावर मोक्याची जागा आहे, दोन वर्षांत दाम दुप्पट होईल. जी शिल्लक जमण्यास एक आयुष्य लागलें, ती देण्याचा निर्णय पुष्कळदां एका रविवारीं होतो.

लातूर जिल्ह्याच्या पूर्व बाजूस, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेलें जळकोट हें अशा विचारासाठीं चांगलें उदाहरण आहे. पूर्वीं हा मुलूख उदगीर तालुक्यांत मोडत असे. १९९९ मध्यें जळकोट हा स्वतंत्र तालुका झाला. तालुक्याचें ठिकाण झालें म्हणजे तहसील येते, कचेऱ्या येतात, नोकरदार मंडळी भाड्याच्या खोल्या शोधूं लागतात, आणि गांवाभोंवतालच्या शेतांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडूं लागतात. महाराष्ट्रांतील बहुतेक लहान गांवांची वाढ याच क्रमानें झाली आहे. येथें एक सावधगिरी आरंभींच सांगण्याजोगी आहे. धाराशिव जिल्ह्यांत, तुळजापूर तालुक्यांत, सोलापूर–हैदराबाद महामार्गावर जळकोट नांवाचें दुसरें गांव आहे. “महामार्गावरील जळकोट” अशी जाहिरात वाचून ज्यानें उदगीरजवळच्या जळकोटची कल्पना केली, त्याची गफलत होणारच. म्हणून कागदावर गांव, तालुका, जिल्हा आणि गट क्रमांक हीं चारहि अंगें पाहिल्याखेरीज जागेची ओळख पटली असें समजूं नये.

नफ्याचा हिशेब

स्थावरापासून होणारा लाभ तीन प्रकारचा असतो: भाडें, किंमतीची वाढ आणि स्वतःचा उपयोग. हे तीन लाभ वेगवेगळे मांडले पाहिजेत, कारण दलालाच्या बोलण्यांत ते एकत्र मिसळलेले असतात. समजा, एक दुकान २० लाख रुपयांस मिळतें व त्याचें भाडें दरमहा ६,००० रुपये येतें. वर्षाचे ७२,००० रुपये झाले, म्हणजे शेंकडा ३.६. त्यांतून दुकान दोन महिने रिकामें राहिलें तर १२,००० गेले. कर, डागडुजी व किरकोळ खर्च १०,००० धरला, तर हातीं ५०,००० उरतात. म्हणजे शेंकडा अडीच. बँकेच्या मुदत ठेवीचें व्याज शेजारीं मांडून पाहिल्यावर बाकीची सर्व भिस्त किंमत वाढण्यावर आहे, हें ध्यानांत येतें. रिकाम्या प्लॉटाची गोष्ट याहून कठीण. त्यास भाडें मुळींच नाहीं, आणि कुंपण, कर व राखण यांचा खर्च मात्र चालू असतो.

“दुप्पट” या शब्दाचाहि हिशेब केला पाहिजे. दहा वर्षांत रक्कम दुप्पट होणें म्हणजे दरसाल सुमारें शेंकडा ७.२ चक्रवाढीनें वाढणें. यांत अलौकिक कांहीं नाहीं. दोन वर्षांत दुप्पट होणें म्हणजे दरसाल शेंकडा ४१ हून अधिक वाढ होय. असा दर जो छातीठोकपणें सांगतो, तो स्वतः ती जागा विकण्यास कां निघाला आहे, हा प्रश्न त्यास सौजन्यानें विचारण्यास हरकत नाहीं.

शिवाय ठरलेली किंमत म्हणजे एकंदर खर्च नव्हे. मुद्रांक शुल्क क्षेत्राप्रमाणें कमीअधिक असतें, आणि तें खऱ्या किंमतीवर किंवा सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्यांतील किंमतीवर, यांपैकीं जी अधिक असेल तिच्यावर आकारलें जातें. नोंदणी शुल्क शेंकडा एक, परंतु कमाल ३०,००० रुपये. त्यांत वकिलाची फी, मोजणी आणि कुंपण यांची भर घातली म्हणजे दहा लाखांच्या जागेसाठीं दहा लाख पुरत नाहींत, हें स्पष्ट होतें.

पैसा कोठून आणावा

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण घर बांधणारांइतकी दुसऱ्या कोणासहि लागू पडत नाहीं. पहिला नियम असा कीं, सहा महिन्यांचा घरखर्च, आजारपणाची तरतूद आणि मुलांच्या शिक्षणाचा ठरलेला पैसा बाजूस ठेवून जें उरेल, त्यालाच शिल्लक म्हणावें. स्थावर हें अडीअडचणीला चटकन मोडतां येत नाहीं. दागिना एका दुपारीं गहाण पडतो, प्लॉटाला गिऱ्हाईक मिळण्यास वर्ष लागूं शकतें.

कर्ज काढावयाचें तर तें बँकेचें असावें. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें घरासाठीं ३० लाखांपर्यंतच्या कर्जांत किंमतीच्या शेंकडा ९० पर्यंत, ७५ लाखांपर्यंत शेंकडा ८०, आणि त्याहून मोठ्या कर्जांत शेंकडा ७५ पर्यंतच रक्कम मिळूं शकते. ही कमाल मर्यादा आहे. लहान गांवांत व जुन्या घरावर बँक याहून कमी देते, आणि नुसत्या प्लॉटावर त्याहूनहि कमी. कर्जाची मुदत ठरवितांना मासिक हप्त्याच्या लहानपणास भुलूं नये. दहा लाख रुपये शेंकडा ९ व्याजानें २० वर्षांच्या मुदतीनें घेतले, तर हप्ता सुमारें ८,९९७ रुपये पडतो आणि एकंदर फेड सुमारें २१ लाख ५९ हजार होते. तेंच कर्ज १५ वर्षांत फेडलें, तर हप्ता १०,१४३ होतो, पण एकंदर फेड १८ लाख २६ हजारांवर येते. महिन्याला साडेअकराशें रुपये अधिक दिल्यानें तीन लाख तेहतीस हजारांची बचत होते. बदलत्या व्याजदराचें घरकर्ज मुदतीपूर्वीं फेडल्यास व्यक्तीकडून दंड घेतां येत नाहीं, हेंहि कर्जदारानें ध्यानांत ठेवावें.

बँकेचा आणखी एक उपयोग आहे, ज्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. कर्ज देण्यापूर्वीं तिचा वकील कागद तपासतो. ज्या जागेवर दोन-तीन बँका कर्ज देण्याचें टाळतात, ती जागा रोख पैशानें घेणारानें थबकून विचार करावा. ती नकारघंटा म्हणजे फुकट मिळालेला सल्लाच होय. मात्र बँकेनें कर्ज दिलें म्हणून हक्क निर्दोष ठरला, असा उलट अर्थ काढूं नये. ज्यांना जागेचा व्याप न करतां स्थावरांत थोडी रक्कम घालावयाची आहे, त्यांच्यासाठीं २०१९ पासून भारतांतील शेअर बाजारांत “रीट” नांवाच्या संस्थांचे भाग मिळूं लागले आहेत. मोठ्या कचेऱ्यांच्या इमारतींचें भाडें त्यांतून भागधारकांस वाटलें जातें. त्यांचा भाव खालींवर होतो, पण ते विकण्यास वर्ष लागत नाहीं.

खासगी सावकाराचें कर्ज काढून जागा घेणें सर्वथा टाळावें. दरमहा शेंकडा दोन हा शब्द ऐकण्यास सौम्य वाटतो; तो वर्षाला सरळ व्याजानें २४ होतो, आणि महिन्याचें व्याज मुद्दलांत मिळत गेल्यास पस्तीस महिन्यांत कर्ज दुप्पट होतें. सावकारी गहाणाचा इतिहास महाराष्ट्रास नवा नाहीं. १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं उठाव करून सावकारांचीं खतें जाळलीं, आणि त्याचा परिणाम म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आज महाराष्ट्रांत २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. बेकायदा सावकारानें बळकावलेली मिळकत परत मिळविण्याची तरतूद त्यांत आहे. तरीहि कर्जाचें तारण म्हणून सरळ खरेदीखत करून देण्याची घातक चाल अजून आढळते. “पैसे फेडले कीं जमीन परत करीन” हें तोंडी वचन असतें. १९२९ च्या दुरुस्तीनें मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत असें स्पष्ट केलें आहे कीं, परत देण्याची अट त्याच दस्तांत लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जाईल. ही गोष्ट जागा घेणारासहि जाणून घेणें अवश्य आहे. कारण आपण ज्याच्याकडून घेत आहों, त्याला ती जागा अशाच रीतीनें मिळालेली असल्यास मागून कज्जा उभा राहतो.

जागेचा शोध

जागा शोधण्याचा आरंभ दलालाच्या घरापासून करूं नये. पायीं फिरण्यापासून करावा. बसस्थानक, शाळा, दवाखाना, बाजार यांपासून जागा किती अंतरावर आहे, वाट डांबरी आहे कीं पाऊलवाट आहे, आणि ती सरकारी आहे कीं दुसऱ्याच्या शेतांतून जाते, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. एकच जागा पावसाळ्यांत एकदां आणि चैत्र-वैशाखांत एकदां पाहावी. पहिल्या वेळीं पाणी कोठें तुंबतें तें कळतें. दुसऱ्या वेळीं पाणी मुळीं आहे कीं नाहीं तें कळतें.

मराठवाड्यांत जमिनीचें मोल अखेरीस पाणीच ठरवितें. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट साऱ्या देशानें पाहिली. म्हणून शेजाऱ्यांस विचारावयाचा पहिला प्रश्न भावाचा नसावा. उन्हाळ्यांत टँकर येतो काय, विंधनविहिरीस किती फुटांवर पाणी लागलें आणि तें कोणत्या महिन्यांत आटतें, हा असावा. दुसरा प्रश्न मातीचा. काळी जमीन पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंती तडकतात. पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो, आणि मुरूम किती खोल आहे यावर बांधकामाचा खर्च अवलंबून असतो. जुना वाडा घेणारानें ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरूं नये. किल्लारीच्या त्या भूकंपांत दहा हजारांच्या आसपास माणसें गेलीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचें ओझें हीं त्या प्राणहानीचीं मोठीं कारणें होतीं. अशा वाड्याच्या किंमतींत त्याच्या मजबुतीकरणाचा खर्च धरलाच पाहिजे.

भाव ठरवितांना विक्रेता काय मागतो यापेक्षां शेजारच्या जागा प्रत्यक्षांत कितीला गेल्या हें पाहावें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदलेल्या दस्तांची “सूची क्रमांक दोन” यासाठीं उपयोगी पडते. रस्ता येणार, कारखाना येणार, कॉलेज येणार या वार्ता तर प्रत्येक तालुक्याच्या गांवीं वाऱ्यावर असतात. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी, अशांतला हा प्रकार. सरकारी अधिसूचना निघून गट क्रमांक जाहीर होईपर्यंत अशा वार्तेस एक रुपयाहि अधिक देऊं नये. आणि जाहीर झाल्यावर आपला गट रस्त्याच्या कडेस येतो कीं रस्त्याखालीं जातो, तें आधीं पाहावें.

कागदांची पारख

शेतजमिनीसाठीं सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे तीन कागद मूळ होत. डिजिटल सहीचा सातबारा आतां घरबसल्या काढतां येतो, म्हणून विक्रेत्यानें दिलेल्या छायाप्रतीवर विसंबण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु सातबारा हा महसुलाचा उतारा आहे. मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यावरील प्रत्येक नांव कोणत्या फेरफारानें आलें, हें मागें जात तपासावें, आणि निदान तीस वर्षांच्या दस्तांचा शोध वकिलाकरवीं घ्यावा. गांवठाणांतील घराबाबत ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कराचा कागद असतो, हेंहि ध्यानांत असावें. २०२० मध्यें सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोननें मोजणी होऊन गांवठाणांतील घरांना मिळकत पत्रिका मिळूं लागल्या आहेत. ती असेल तर अवश्य मागावी.

मराठवाड्यांतील कागदांस एक निराळा इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें जुने कागद उर्दूंत असतात आणि त्यांवरील साल फसली असतें. फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानानें इसवी सन निघतो. पुढें १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्यानें संरक्षित कुळांस हक्क मिळाले, आणि १९५४ च्या कायद्यानें इनामें खालसा झालीं. म्हणून सातबाऱ्यावर “भोगवटादार वर्ग २”, “कूळ”, “इनाम”, “खिदमतमाश”, “देवस्थान” यांपैकीं एखादा शब्द दिसला, तर तेथेंच थांबावें. कुळानें कायद्यान्वयें मिळविलेली जमीन विकण्यास परवानगी वा ठराविक नजराणा लागतो. देवस्थानाची वा सेवेची जमीन तर वहिवाटदारास खासगी म्हणून विकतांच येत नाहीं. गायरान ही सरकारी जमीन होय, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस सरकारी परवानगीवांचून घेतां येत नाहीं.

शहरी नोकरदारास आणखी एक अडथळा असतो. जो शेतकरी नाहीं, त्यास महाराष्ट्रांत परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. यावर पळवाट म्हणून एखाद्या आप्ताच्या वा गड्याच्या नांवानें जमीन घेण्याचा सल्ला मिळतो. तो मानूं नये. बेनामी व्यवहाराचा १९८८ चा कायदा २०१६ मध्यें अधिक कडक झाला आहे, आणि कायदा बाजूस ठेवला तरी ज्याचें नांव त्याची जमीन, हा अनुभव कडू असतो. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे हाहि असाच मोह आहे. एकराचे गुंठे चाळीस, आणि गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यान्वयें ठराविक क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीवर निर्बंध आले; २०२३ मध्यें हें प्रमाण जिरायतीस २० व बागायतीस १० गुंठे असें ठरलें. या नियमांत सवलतीहि दिल्या जातात, म्हणून खरेदीच्या दिवशीं लागू असलेला नियम तहसिलींत विचारावा. सुरक्षित मार्ग असा कीं, प्लॉट घ्यावयाचा तर मंजूर रेखांकनांतलाच घ्यावा. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील अशा विक्रीस २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालीं महारेराकडे नोंदणी लागते. तिचा क्रमांक जाहिरातींतच मागावा.

कुटुंबांतील बहिणींच्या हक्काकडे तर डोळेझाक करूंच नये. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें सांगितलें कीं, त्यासाठीं २००५ सालीं वडील हयात असण्याची अट नाहीं. भाऊ विकण्यास तयार आहेत, पण लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही नाहीं, असा सौदा स्वस्त असला तरी तो घेऊं नये. यांत कज्जाचें भय आहे हें खरें. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जिचा वाटा आहे तिला विचारल्याशिवाय घेतलेल्या घरांत सुखानें राहतां येत नाहीं.

कागद शुद्ध ठरल्यावर मोजणी करावी. भूमि अभिलेख खात्याकडून हद्द कायम करून घ्यावी, चतुःसीमा दस्तांत लिहाव्या, आणि लगतच्या मालकांस मोजणीच्या वेळीं हजर ठेवावें. स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी. इसार नेहमीं धनादेशानें अथवा बँकेमार्फत द्यावा. २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीनें देणें-घेणें २०१५ पासून आयकराच्या कायद्यानें मना आहे. शंभराच्या मुद्रांकावरील नोटरी केलेला कागद किंवा मुखत्यारपत्र यांनीं मालकी येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें सूरज लॅम्पच्या खटल्यांत हें निःसंदिग्धपणें सांगितलें आहे. मालकी येते ती नोंदलेल्या खरेदीखतानें. आणि खरेदीखत झालें म्हणजे काम संपलें असेंहि नव्हे. ताबा घेणें, फेरफार मंजूर होऊन नांव लागल्याचा उतारा पाहणें, आणि वर्षांतून एकदां तरी जागेवर जाऊन येणें, हीं कामें उरतातच. बाहेरगांवीं राहणाराच्या रिकाम्या जागेवर अतिक्रमण होण्यास वेळ लागत नाहीं, आणि बारा वर्षें गप्प बसणाराचा हक्क कायद्यानेंहि दुबळा होतो.

शेवटीं एक विचार विकणाराचाहि करावा. दुष्काळी वर्षांत, आजारपणांत किंवा मुलीच्या लग्नासाठीं जमीन विकावयास काढणारा शेतकरी घाईंत असतो, आणि त्याची घाई हीच खरेदीदाराची संधी, असें व्यवहारचतुर लोक समजतात. अशा माणसाकडून योग्य भावानें, त्याच्या घरच्या सर्वांच्या संमतीनें आणि पूर्ण रक्कम दस्तांत लिहून घेतलेली जमीन निर्वेध टिकते. अडवून घेतलेल्या जमिनीचे कज्जे नातवंडांपर्यंत चालतात. ज्याला हें सर्व करण्यास सहा महिन्यांचा धीर नाहीं, त्यानें आपली शिल्लक बँकेंतच राहूं द्यावी. तेथें तिला व्याज तरी मिळेल. ज्याला धीर आहे, त्यानें आधीं हिशेब मांडावा, मग पाणी पाहावें, मग कागद वाचावे, आणि सर्वांच्या शेवटीं इसार द्यावा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे इसार देऊन मग कागद पाहिले, तर पुढील बहुतेक दुःखांचें मूळ तेथेंच सांपडतें.